मोठे काय, जड काय?
(संस्थेच्या पालक मेळाव्यात घाटकोपर येथे दिलेले भाषण)



विषय ऐकायला किरकोळ आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला लहान-मोठे आणि जड-हलके कसे शिकवावे? तुम्ही म्हणाल, यात शिकवायचे ते काय? मलाही नोकरीच्या सुरुवातीला तसेच वाटत होते.

वस्तीतले पालक भेटले की एकच विचारतात, "बाई, पोरगा शंभरपर्यंत लिहितो का?" लिहितो ना! पाटी भरून लिहितो. पण हाच मुलगा पुढे चौथीत किलो-ग्रॅमची उदाहरणे आली की अडतो. "गणित आपल्या डोक्यात शिरत नाही" असे स्वतःच ठरवून टाकतो आणि आपणही मान डोलावतो. किलो म्हणजे काय, हे त्याच्या हाताला कोणी कधी कळूच दिलेले नसते.

माझीच एक चूक सांगते. एका बालवाडीत मी मुलांना छापील कागद दिले होते. एक मोठी टोपली, एक लहान टोपली, आणि खाली सूचना, 'जड वस्तूला गोल करा.' सगळ्यांनी मोठ्या टोपलीला गोल केला. एका मुलीने कागद कोराच ठेवला. मी फुली मारली. तिची आई स्टेशनबाहेर भाजी विकायची. ती मुलगी मला म्हणाली, "बाई, आत काय हाय ते कुठं दिसतंय?" मेथीची मोठी टोपली आणि कांद्याची लहान टोपली यांतला फरक तिच्या हातांना ठाऊक होता. कागद चूक होता, मी चूक होते आणि फुली तिला मिळाली. असे किती कोरे कागद मी त्याआधी चुकीचे ठरवले असतील!

आपण रोज वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा. गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आणि आपण मात्र चार वर्षांच्या मुलाला सांगतो, 'पुस्तकात आहे, पाठ कर.'

आता आधी भाषेकडे पाहू. आपला 'मोठा' हा शब्द मोठा घोटाळ्याचा आहे. मोठी ताई म्हणजे वयाने मोठी. ती धाकट्या भावापेक्षा ठेंगणीही असू शकते. उंच माणूस मोठा आणि साहेबही मोठा. म्हणून मुलाला नुसते "मोठे कोणते?" विचारू नये. उंच-ठेंगणे, लांब-आखूड, जाड-बारीक असे नेमके शब्द द्यावेत. दोन काठ्या शेजारी ठेवताना त्यांची एक टोके जुळवायला शिकवावे. टोके जुळवली नाहीत तर पुढे सरकवलेली काठी मुलाला लांब वाटते.

जडपणाचे तसे नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, उचलावाच लागतो. सारख्या दोन डब्यांपैकी एकात चुरमुरे आणि दुसऱ्यात वाळू भरा, झाकणे लावा आणि मुलांना उचलू द्या. आकार तोच, भार वेगळा. मग उलट करा. मिठाच्या लहान पुडीइतक्या वजनाचे चुरमुरे घेतले तर पिशवी फुगते. मोठे ते जड, हा समज इथे तुटतो. पण हातही फसतो बरे का! सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू आपल्याला जास्त जड वाटते. शार्पांतिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली हे दाखवून दिले. मोठी माणसेसुद्धा यात फसतात. म्हणून तराजू हवा.

तो घरी होतो. कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना सारख्या लांबीच्या सुतळीने दोन करवंट्या बांधा आणि हँगर खिळ्याला अडकवा. रिकामा असताना तो सरळ राहिला पाहिजे. एक बाजू खाली जात असेल तर हलक्या बाजूला कणकेचा गोळा चिकटवा. दुकानदार यालाच पासंग म्हणतात. आता लिंबू किती चिंचोक्यांचे, खडू किती चिंचोक्यांचा, हे मुले स्वतः शोधतात. मात्र मोजण्याआधी अंदाज विचारायला विसरू नका. खरी मजा त्यातच आहे.

मादाम मॉन्टेसरींच्या साधनांत एकाच आकाराच्या, वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या आहेत. त्यांची वजने २४, १८ आणि १२ ग्रॅम. साधन सुंदर, पण आपल्या खिशाला परवडणारे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. त्यांनी दगड, बिया, शंख, पाने हीच साधने केली आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत दगडांना आणि बियांना काय तोटा?

पालकांनी एक धीर धरावा. कणकेचा गोळा मुलासमोर लाटून पोळी केली तर मूल म्हणते, "आता जास्त झाले." त्याला वेडा म्हणू नका. जीन पियाजे यांनी जिनिव्हात मुलांचा अभ्यास करून दाखवले की आकार बदलला तरी पदार्थ तेवढाच राहतो, हे मुलाला साधारण सात-आठ वर्षांचे झाल्यावर पटते. वजनही तेवढेच राहते, हे त्याहून उशिरा. तोवर पुनःपुन्हा लाटू द्या, पुन्हा गोळा करू द्या.

आपल्या आज्या चार शेरांची पायली म्हणत. ते धान्याचे माप होते, आकारमानाचे, वजनाचे नव्हे. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने आली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. विज्ञान शाखेच्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे की दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो. तो चंद्रावरही तेच उत्तर देईल. स्प्रिंगचा काटा तिथे सहावा हिस्सा दाखवील.

आणि आता बाजारात विजेवर चालणारे काटे आले. आकडा उमटतो, पारडे झुकताना दिसत नाही. आमच्या लहानपणी भाजीवालीजवळ उभे राहून जे फुकट शिकायला मिळत होते, ते आजच्या मुलाला मिळत नाही. रेशनच्या रांगेत आई आकड्याकडे पाहते, पण तो काटा आधी शून्यावर होता का, हे विचारायला तिला कोणी शिकवलेले नसते.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच बसू. प्रत्येकीने एक जुना हँगर आणि दोन करवंट्या आणाव्यात. सुतळी आणि चिंचोके मी आणते. मुलांना बरोबर आणा. तराजू त्यांनीच बांधायचा आहे.