चित्रणाची जुळणी आणि काटकसर

घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर टिपून ठेवण्याची हौस आतां सार्वत्रिक झाली आहे. परंतु त्या चित्रणाची जुळणी करावयास बसलें, कीं साधा संगणक अडखळूं लागतो आणि काम तसेंच पडून राहतें. वस्तुतः दोष बहुधा चित्र सांठविण्याच्या पद्धतीचा, म्हणजे कोडेकचा, असतो.

२००३ सालीं प्रमाणित झालेला एच. २६४ हा कोडेक जागा फार वांचवितो. तो मधूनमधून एक चित्र संपूर्ण लिहितो आणि पुढील चित्रांत बहुतेक फरकच नोंदवितो. ज्या वहींत महिनारंभाची शिल्लक आणि पुढें नुसता जमाखर्च असतो, तींत मधल्या दिवसाची शिल्लक काढावयाची, तर आरंभापासून बेरीज करावी लागते. संगणकाचीहि गत तीच होते. उलट, २००७ सालीं आलेल्या प्रोरेसमध्यें प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असतें. काम सुलभ होतें. पण १९२० बाय १०८० आकाराच्या आणि सेकंदास २५ चित्रें असलेल्या एका तासास सुमारें ५५ गिगाबाइट जागा लागते. त्याच्याच प्रॉक्सी या हलक्या प्रकारास सुमारें १७ पुरतात.

म्हणून काटकसरीचा मार्ग असा: मूळ चित्रण जपावें, हलक्या प्रतीवर काटछांट करावी, अखेरीस तिच्या जागीं मूळ आणावें आणि पाहण्यापुरती प्रत एच. २६४ मध्यें काढावी.

ही अदलाबदल बिनचूक होते ती टाइमकोडच्या आधारें. तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक सांगणारा हा आंकडा म्हणजे प्रत्येक चित्राचा पत्ताच होय. मात्र पुष्कळ मोबाइलांत प्रत्येक फाइल शून्यापासूनच सुरू होते; तेव्हां प्रत्येक फाइलीस निराळें नांव द्यावें आणि हलक्या प्रतीसहि तेंच ठेवावें. शिवाय मोबाइलच्या चित्रणाचा वेग कमीजास्त होत असल्यास आवाज व ओंठ यांची फारकत होते. अशा वेळीं आधीं एकसारख्या वेगाची उत्तम प्रत करावी आणि पुढील कामांत तीच मूळ मानावी.

संगणक पुढेंमागें नवा घेतां येईल. आजोबांचें बोलणें पुन्हां टिपतां येईलच असें नाहीं. यास्तव पहिली काटछांट करण्यापूर्वीं मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, हें उत्तम.