पहिले ७२ तास
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत संस्थेच्या वतीने केलेले भाषण)



छातीत कळ आलेला रुग्ण रात्री दोन वाजता दाराशी आला, तर 'याला येथे का आणले?' असे कोणी विचारीत नाही. मन बिघडलेल्या रुग्णाला मात्र पहिल्यांदा तोच प्रश्न ऐकावा लागतो. एका रात्री एक वडील आपल्या तरुण मुलाला जीपमधून आमच्याकडे घेऊन आले. मुलाचे हात दोरीने बांधलेले होते. चार रात्री त्याला झोप नव्हती. आपल्याला मारायला माणसे येत आहेत, असे तो ओरडत होता. दोरी सोडा म्हणताच वडील म्हणाले, "सोडली तर विहिरीकडं पळतंय हो, डॉक्टर."

पूर्वी अशा रुग्णाला आम्हीही चिठ्ठी लिहून दूरच्या शहरी धाडत असू. ती आमची उणीव होती, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो. राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. धाराशिवहून त्यांतले जवळचे येरवडा, तेही सुमारे अडीचशे किलोमीटरांवर. जिवाला धोका असतो तो या वाटेवरच.

वास्तविक, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने ही वाट मोकळी केली आहे. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, उपचार सुरू करू शकतो. ही मुभा ७२ तासांपर्यंत, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर असते. तातडीच्या या उपचारात विजेचे झटके देता येत नाहीत. साखळदंडाने बांधण्यास तर कायद्याने पूर्ण मनाई आहे. ती का आली, हे तमिळनाडूतील एरवाडी विसरू देत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील आश्रमाला आग लागली आणि साखळीने जखडलेल्या २८ रुग्णांचा अंत झाला.

या उपचारास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. प्रथम रक्तातील साखर, ताप, डोक्याचा मार आणि दारू अचानक सुटल्याचा परिणाम तपासावा लागतो. कारण वेड वाटणारा रुग्ण पुष्कळदा शरीरानेच आजारी असतो. मग शांत खोली, मंद आवाज, जवळ बसणारे माणूस आणि गरज पडल्यास इंजेक्शन. वेल्लोर येथे २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन ही जोडी लोराझेपामपेक्षा लवकर शांतता आणते, असे दिसले. ही औषधे महागडी नव्हेत.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक रुग्ण येतो. तो कीटकनाशक प्यालेला असतो. त्याचे पोट धुतले जाते, ॲट्रोपिन दिले जाते, श्वास सांभाळला जातो. तो वाचतो आणि घरी जातो. पण ज्या दुःखाने बाटली उचलायला लावली, तेही त्याच्याबरोबर घरी जाते. असा माणूस तीव्र मानसिक तणावाखाली होता, असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो. म्हणून खाटेवरून उठण्यापूर्वी त्याच्याशी कोणीतरी निवांत बोललेच पाहिजे, असा दंडक आम्ही घालून घेतला आहे. कुटुंबीयांना आमची विनंती आहे : फवारणीची औषधे कुलपात ठेवा, आणि मन खचल्याचे जाणवताच १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर बोला. ही शासकीय सेवा २०२२ पासून विनामूल्य चालते.

त्या तरुणाकडे पुन्हा वळतो. दोरी सोडली, तो पळाला नाही. रात्रभर एक परिचारिका त्याच्याजवळ बसून होती. तिसऱ्या दिवशी, तज्ज्ञांकडे निघताना, त्याने मनगटावरचे वळ पाहून वडिलांना विचारले, "हे कशाचं?" वडिलांना उत्तर देता आले नाही.

देणगीदारहो, आपणांकडे आम्ही मोठी इमारत मागत नाही. अपघात विभागालगत एक सुरक्षित खोली आणि रात्रपाळीसाठी प्रशिक्षित परिचारिका, एवढेच मागतो. पुढच्या वडिलांना दोरी घरीच ठेवून यावेसे वाटावे, यासाठी आपले साहाय्य हवे आहे.