पहिल्या भागाची परीक्षा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. जेवणाच्या सुटीत तरुण कामगार मोबाईलवर ज्या मालिका पाहतात, त्यांत झोंबींच्या, म्हणजे मेल्यावर उठून चालणाऱ्या माणसांच्या मालिका पुष्कळ असतात. नवी मालिका आली की पहिला भाग संपताच निकाल लागतो : 'एकदम भारी', नाही तर 'फुकट वेळ गेला'. एका भागावरून असा निकाल द्यावा काय, हा आजचा प्रश्न.

शितावरून भाताची परीक्षा आपल्या आयाबहिणी रोज करतात आणि ती चुकत नाही, कारण भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजतात. मालिकेचे तसे नसते. ती पुढे कोठे वळेल, शेवट गोड होईल की कडू, हे पहिल्या भागावरून कळत नाही. मात्र एक गोष्ट नक्की कळते. ही मालिका गर्दीकडे कोठून पाहते, ते कळते. मोर्चा फाटकाच्या आतून पाहिला तर नुसती डोकी दिसतात. मोर्चातून चालले म्हणजे शेजारच्याचे नाव, गाव, त्याची तुटलेली चप्पल दिसते. झोंबींच्या गोष्टीत तर गर्दी हाच शत्रू आणि तिच्या डोक्यात गोळी घालणे हाच उपाय. म्हणून ही पारख येथे अधिकच जरूर आहे.

हा झोंबी मुळात कोण? हैतीत फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून उसाच्या मळ्यांत राबविले. तेथल्या लोकसमजुतीतला झोंबी माणसे खात नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबतो. मरणानेसुद्धा ज्याची पाळी सुटत नाही, असा तो कामगार होय. १९३२ सालच्या 'व्हाइट झोंबी' या अमेरिकन चित्रपटात तो साखरेच्या गिरणीत राबताना दिसतो. पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने मेलेल्यांना माणसे खायला लावले, आणि राबणाऱ्याची कीव मागे पडून त्याची भीती तेवढी उरली.

तरीही चांगला पहिला भाग ती कीव परत आणू शकतो. २०१० साली सुरू झालेल्या 'द वॉकिंग डेड'च्या पहिल्या भागात एक नवरा बंदूक रोखून खिडकीशी बसतो. बाहेरच्या मेलेल्यांत त्याची बायको चालते आहे, आणि त्याच्याने तिच्यावर गोळी झाडवत नाही. २०२३ सालच्या 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग एका मुलीचा साधा दिवस सावकाश दाखवतो. ती मरते ती झोंबीच्या दातांनी नव्हे, वरून हुकूम आलेल्या शिपायाच्या गोळीने. या दोन्ही ठिकाणी गर्दीतला माणूस आपल्या ओळखीचा होतो.

आता घरची गोष्ट. २४ मे २०२० रोजी नेटफ्लिक्सवर 'बेताल' ही चार भागांची हिंदी मालिका आली. ती पॅट्रिक ग्रॅहम यांनी रचली, आणि दिग्दर्शनात आपले निखिल महाजन त्यांच्या जोडीला होते. पहिल्या भागात एका ठेकेदाराला महामार्गासाठी डोंगरातला जुना बोगदा उघडायचा असतो. ठेकेदाराचे काम जितेंद्र जोशी यांनी केले आहे. डोंगराखालचे आदिवासी म्हणतात, येथे शाप आहे, हात लावू नका. मग त्यांच्यावर नक्षलवादी असा शिक्का बसतो आणि बंदूकवाले पथक येते. बोगद्यातून पुढे निघते ती कंपनी सरकारच्या काळातली, लाल डगल्यांतली मेलेली पलटण.

आमच्या भागातल्या माणसाला यात नवे काय? तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आपण सारे जाणतोच. त्याही मागे जा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी ठार झाले. ती माणसे वेठबिगारीविरुद्ध उठलेली होती. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्यावरच्या पुस्तकाला 'जेव्हा माणूस जागा होतो' असे नाव दिले. पण बंदुकीच्या नळीतून पाहणाऱ्याला जागा झालेला माणूस दिसत नाही. त्याला अंगावर येणारा जमाव दिसतो. जमावाला नाव नसले की गोळी हलकी होते.

या कसोटीवर 'बेताल'चा पहिला भाग आम्ही पास करतो. गाव कोण उठवतो, कशासाठी उठवतो आणि शिक्का कोण मारतो, हे तो स्पष्ट सांगतो. पण पुढच्या भागांत पथक एका जुन्या बराकीत अडकते, आणि गोष्ट शिपाई व लाल डगलेवाले यांच्या लढाईची होते. पुनिया नावाची एक बाई सोडली तर गावकरी कडेला पडतात. ज्यांच्या जमिनीवरून कथा सुरू झाली, त्यांचाच तिला विसर पडतो. कामगार चळवळीतही असे घडते. मागणीपत्रकात पहिले कलम कंत्राटी कामगाराचे असते, आणि करारावर सह्या होतात तेव्हा ते कलम गळालेले असते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शितावरून भात शिजला की नाही, ते कळते. पंगतीत तो कोणाकोणाला वाढला, ते पंगत उठल्यावरच कळते. पहिल्या भागावरून मालिकेचे वचन तपासावे, आणि वचन पाळले की नाही, याचा निकाल शेवटचा भाग पाहून द्यावा. जिच्या पहिल्या भागात गर्दीतल्या एकाही माणसाला नाव नाही, घर नाही, ती मात्र तेथेच बंद करावी. तिने काही वचनच दिलेले नसते. ही सवय मोबाईलपुरती ठेवू नये. उद्या बातमीत 'जमाव' हा शब्द आला, की त्या जमावात कोण होते आणि ते कशासाठी जमले होते, एवढे आपण विचारावे.