घोटभर डच



२०२३ च्या ऑक्टोबरात लेकीकडे नेदरलँड्सला निघालो, तेव्हा तिने फोनवर सांगितले होते, "आबा, इकडे सगळ्यांना इंग्रजी येतं, काळजी करू नका." बोलणे खरेच होते. पण दुकानातल्या खोक्यांवर इंग्रजी नसते, हे आइंडहोवनला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कळले. लेक-जावई कामावर गेलेले. चहाला दूध हवे म्हणून मी कोपऱ्यावरून एक खोका आणला. नावाच्या शेवटी 'मेल्क' होते. मेल्क म्हणजे मिल्क, एवढा तर्क मेहकरच्या निवृत्त मास्तरालाही करता येतो. उकळत्या चहात ओतले आणि सगळा चहा नासला. ते 'कार्नमेल्क' होते. 'कार्न' म्हणजे घुसळण्याचे भांडे. थोडक्यात, मी चहात ताक ओतले होते! चहा मोरीत गेला. उरलेल्या ताकात मीठ-जिरे घालून दुपारी भाताबरोबर घेतले. ताक मात्र उत्तम होते.

संध्याकाळी आठ वर्षांच्या नातीने माझी शाळा सुरू केली. विषय एकच, प्यायचे पदार्थ.

तिथे चहाला 'ते' म्हणतात. आपल्याकडे "ते द्या" म्हटले की समोरचा विचारतो, "काय?" तिथे 'ते' म्हटले की चहा येतो. सतराव्या शतकात डचांना चहा मिळाला तो चीनच्या फुजियान किनाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांकडून, आणि त्यांच्या बोलीत तो 'ते' होता. डचांकडून हा शब्द इंग्रजीत गेला, त्याचा पुढे 'टी' झाला. पोर्तुगिजांनी मकावकडचा 'चा' उचलला. आपला चहा त्या घराण्यातला. हे डच म्हणजे जुन्या मराठी कागदांतले वलंदेज. १६३७ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली होती. तरी पुढे चहा आपल्याकडे रुजला, तो 'ते' या नावाने नव्हे.

कॉफीला कॉफीच. पण तिचा एक प्रकार आहे 'कॉफी फरकेर्त', म्हणजे शब्दशः 'चुकीची कॉफी'. चूक कोणती, तर तीत दूध जास्त! आमच्या मेहकरात हिलाच कॉफी म्हणतात, बाकीच्या सगळ्या चुकीच्या.

मला सर्वांत आवडला तो 'आल्स्तुब्लीफ्त' हा शब्द. जिभेची परीक्षा आहे खरी. पण मागणारा 'कृपया' म्हणून तोच शब्द वापरतो आणि कप पुढे ठेवणारा 'घ्या' म्हणूनही तोच. शिवाय आपल्यासारखे तू आणि तुम्ही त्या भाषेत आहे. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला 'दांक यू वेल', सलगीच्या माणसाला 'दांक ये वेल'. इंग्रजीने ही सोय केव्हाच सोडून दिली.

मला मधुमेह आहे. म्हणून नातीने 'झोंडर सॉइकर', म्हणजे साखरेशिवाय, हे माझ्याकडून वीसवीस वेळा घोकून घेतले. रसाला शब्द आहे 'साप', आणि सफरचंदाला 'आपल'. तेव्हा सफरचंदाचा रस झाला 'आपलसाप'. "आबा, आपला साप!" असे ओरडून ती हसत गडाबडा लोळली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता न करताच फिरायला बाहेर पडलो. चूक माझीच. बाजाराच्या चौकात, एवढ्या थंडीत, अंगाला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. खिशात नेहमी खडीसाखर असते, ती नेमकी आदल्या दिवशीच्या कोटात राहिली होती. समोरच्या कॅफेत कसाबसा शिरलो. इंग्रजीत सांगायचे होते, असे तुम्ही म्हणाल. एरवी मीही हेच म्हटले असते. पण साखर उतरली की आधी शब्द जातात. काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारले आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, "झोंडर सॉइकर." नेमके नको तेच! त्या वळल्यासुद्धा. "नेय, नेय," मी म्हणालो. नाही, एवढे सांगता आले, पुढचे सुचेना. मग डोळ्यांसमोर नात लोळताना दिसली.

"आपलसाप."

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पैशांचे विचारलेच नाही. आधी खुर्ची पुढे ओढली, मग भरलेला पेला हातात दिला. "आल्स्तुब्लीफ्त." दहा-पंधरा मिनिटांनी माणसात आलो. "दांक यू वेल" म्हणालो, पैसे दिले, एक सँडविच खाल्ले आणि सावकाश घरी आलो.

आता खडीसाखर प्रत्येक कोटात असते. नातीला एवढेच सांगितले, की तुझा साप आज कामाला आला. लेकीला मात्र काहीच बोललो नाही. हे भाषण तिच्या कानावर गेले तर तिला आजच कळेल.