गंजीफ्रॉक का आटतो?



आजचा विषय तुमच्याआमच्या अंगावरचाच आहे. नवा गंजीफ्रॉक पहिल्या धुण्यात आखूड झाला की आपण सुताला नाही तर दुकानदाराला दोष देतो. कारखान्यात मात्र आळ येतो तो यंत्रावरच्या कामगारावर. एका कारखान्यात माल आटला म्हणून आमच्या माणसांची मजुरी कापली गेली. आम्ही भांडायला गेलो, तेव्हा उमगले की आमच्यापाशी आवाज होता, माप नव्हते. ती मजुरी परत मिळाली नाही. मग आम्ही विचारत, वाचत शिकलो.

धोतरात उभेआडवे धागे जवळजवळ सरळ असतात. गंजीफ्रॉक हा एकात एक अडकवलेल्या टाक्यांचा. घरी सुयांवर स्वेटर विणतात तसाच. वाकवलेला प्रत्येक टाका म्हणजे घड्याळाची कमानच. यंत्रावर कापड खाली ओढले जाते आणि टाके लांबट होतात. सुटल्यावर ते विसावू पाहतात, पण धाग्याला धागा घासून त्यांना अडवतो. पाण्यात ही पकड सैल होते. तेव्हा कापड आटले म्हणजे पुष्कळदा ते नासलेले नसते, विसावलेले असते.

१९५९ साली इंग्लंडात मंडेन यांनी लोकरीच्या साध्या विणीवर हे मोजून दाखवले. एका टाक्यात किती लांब धागा गेला, यावर विसावलेल्या कापडाचे माप ठरते. एका सेंटिमीटरातल्या ओळींना टाक्याच्या धाग्याच्या सेंटिमीटरांतील लांबीने गुणले, तर कोरड्या विसावलेल्या कापडात सुमारे ५.० येतात, भिजून विसावलेल्यात ५.३. उभ्या रांगांचे आकडे ३.८ आणि ४.१. म्हणजे नुसत्या भिजण्याने लांबी शेकडा सुमारे ६ आणि रुंदी शेकडा सुमारे ७ घटते. यंत्रावरच्या ओढीची घट निराळीच. सुती कापड तर पुरते विसावायला हलवतहलवत वाळवावे लागते.

पुढच्या तंट्याला आम्ही मोजपट्टी घेऊन गेलो. शंभर टाके उसवायचे, धागा सरळ करून मोजायचा आणि शंभराने भागायचे. ठरवून दिलेली लांबी निघाली, तर कामगाराने आपले काम चोख केले. नाही निघाली, तर यंत्र कोणी लावले ते पाहायचे. चूक आमच्या माणसाची ठरली, तर ती आम्ही कबूल करायची. माप दोन्ही पक्षांना बांधते, म्हणूनच ते गरिबाच्या कामाचे. ताणलेल्या कापडावर कोणाच्या भाकरीचा निवाडा होऊ नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.