रेडिएटर बदलण्यापूर्वी



जुनी मोटार तापू लागली की मालक पहिला प्रश्न विचारतो, "कोणता भाग बदलू?" माझे आजचे सांगणे इतकेच आहे, की त्याने आधी "उष्णता कोठे अडली?" असे विचारावे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील फोर्डची 'मॉडेल टी' घेऊ. १९०८ ते १९२७ या काळात या जातीच्या सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. आरंभीच्या अडीचेक हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे कारखान्याने तो काढूनच टाकला.

मग पाणी फिरते कसे? आपल्या घरातला तांब्याचा बंब आठवा. वरचे पाणी कढत झाले तरी तळाचे कोमटच असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली बसते. इंजिनाभोवतीचे पाणी असेच तापून वरच्या नळीने रेडिएटरात जाते, तेथे निवते आणि खालच्या नळीने इंजिनात परत येते. अट एकच. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली जाता कामा नये. ती गेली की हे चक्र तुटते आणि उरलेले पाणी उकळू लागते.

आता दोष शोधू. प्रथम रबरी नळ्या पाहाव्यात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीचा आतला पापुद्रा सुटलेला असतो. येथे पाण्याला ढकलणारे बळ मुळातच अल्प, तेव्हा तेवढा अडथळाही पुरतो. नळ्या स्वस्त असतात. त्या खुशाल बदलाव्यात.

रेडिएटरचा दोष अधिक फसवा आहे. त्याच्या नळ्यांना पत्र्याच्या बारीक पट्ट्या डाख देऊन जोडलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तो डाख सुटतो. पाणी वाहते, थेंबभरही गळत नाही, पण नळीतील उष्णता पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी कित्येक जण बाजारातला पंप आणून बसवतात. पंपाने पाण्याचा वेग वाढेल; सुटलेला डाख कसा जोडला जाणार? तेथे नवा रेडिएटरच हवा. तो बसवण्यापूर्वी इंजिनातला गंज पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून काढावा आणि बोल्ट करकचून आवळू नयेत. रस्त्यावर गाडीची चौकट पिळते. रेडिएटरला किंचित हलू दिले नाही, तर नवे जोडही फुटतात.

आणि कधी दोष पाण्यात नसतोच. या गाडीत चालकाच्या डाव्या हाताशी ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा दांडा असतो. ठिणगी उशिरा पडली की इंजिन विनाकारण तापते. तेव्हा रेडिएटर बदलणे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी'!

एवढी चिकित्सा कशासाठी? नळ्या आणि रेडिएटर आजही नवे घडवले जातात. परंतु इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यावर उठवलेला क्रमांक हा त्या गाडीचा जन्मदाखला असतो. पाणी आटून लाल झालेल्या इंजिनावर घाबरून गार पाणी ओतले, तर तो ठोकळा तडकतो. गाडी कदाचित पुन्हा चालेल, पण दाखला गेला तो गेलाच.

म्हणून गाडी तापली तर थांबावे, तिला निवू द्यावे आणि मग पान्याला हात घालावा. विचाराआधी पाना उचलू नये.