पोटातील औषधनळी आणि तिचे बिल

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उदरपोकळीतच पसरतो. म्हणून काही रुग्णांना केमोथेरपीचे औषध शिरेवाटे देण्याबरोबर थेट उदरपोकळीतही सोडले जाते. त्यासाठी बरगड्यांच्या खालच्या कडेवर, त्वचेखाली, एक लहान पोर्ट, म्हणजे सुईने औषध सोडायची डबी, बसवतात आणि त्याला जोडलेली मऊ नळी त्वचेखालून नेऊन पोटाच्या पोकळीत उतरवतात. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे उपचार मिळालेल्या स्त्रियांच्या जगण्याचा मध्यक ६५.६ महिने निघाला. केवळ शिरेवाटे औषध घेणाऱ्यांचा ४९.७ महिने. पण उपचाराच्या सहाही फेऱ्या ४२ टक्के स्त्रियांनाच पूर्ण करता आल्या, आणि नळीच्या तक्रारी हे त्यामागचे एक ठळक कारण होते. म्हणजे नळी बसवणे, दुरुस्त करणे, काढणे हे सारेच वारंवार घडणारे काम, आणि प्रत्येक कामाचे बिल वेगळे.

अमेरिकेत डॉक्टरांचे काम सीपीटी नावाच्या पाच अंकी कोडांनी विमा कंपनीला कळवले जाते. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची. ती पहिल्यांदा १९६६ साली निघाली. पुणे, नवी मुंबईतील अनेक तरुण कोडर अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी हे कोड लावण्याचे काम करतात. त्यांच्यासमोर रुग्ण नसतो, असतो तो फक्त शस्त्रक्रियेचा अहवाल.

त्या अहवालात सर्वांत आधी शोधायचे ते नळीचे टोक. बाहेरून दिसणारा उंचवटा फसवा असतो. तीव्र वेदनांसाठी औषध सोडणारा पंपही पोटाच्या त्वचेखालीच बसवतात, पण त्याची नळी पाठीच्या कण्यात जाते; तिचा कोड ६२३५०, आणि प्रोग्रॅम करता येणाऱ्या पंपाचा ६२३६२. छातीत बसवलेला, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडणारा पोर्ट प्रौढांसाठी ३६५६१. उदरपोकळीच्या पोर्टला घाईत हाच कोड लावला गेला, तर न झालेल्या कामाचे बिल जाते. हा दोष गंभीर आहे, कारण पुढच्या डॉक्टरच्या हाती पडणारी नोंदही चुकीची ठरते.

टोक उदरपोकळीत आहे हे नक्की झाले की नळी कशी बसवली ते पाहायचे. त्वचेखाली पोर्ट असेल तर ४९४१९. पोर्ट नसेल आणि सुईच्या वाटेने नळी घातली असेल तर ४९४१८. यात सोनोग्राफी किंवा एक्स-रेचे मार्गदर्शन धरलेलेच असते, ते वेगळे लावता येत नाही. डायलिसिससाठी चिरा देऊन घातलेली नळी ४९४२१, दुर्बिणीतून घातलेली ४९३२४. ‘पोर्ट बसवला’ एवढेच लिहिणारा अहवाल म्हणूनच अपुरा. अशा वेळी कोडरने अंदाज न करता सर्जनला विचारावे.

निदानाचे कोड आयसीडी-१०-सीएम या यादीतले. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. अंडाशयाचा कर्करोग सी५६ या गटात येतो, उदरावरणावर पसरलेला सी७८.६. रुग्ण नुसती केमोथेरपी घ्यायला आली असेल तर झेड५१.११ आधी आणि कर्करोगाचा कोड त्यानंतर. पोर्टमधून औषध सोडण्याच्या कामाला ९६४४६. औषधाचे बिल त्याच्या मात्रेनुसार वेगळ्या कोडाने जाते. रुग्णालयाचे बिलही स्वतंत्र असते, आणि दाखल रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे सीपीटीऐवजी आयसीडी-१०-पीसीएस वापरतात.

गुंता होतो तो तारखांमुळे. कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या रकमेत पुढच्या ९० दिवसांची देखभाल मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना धरूनच चालते. त्याच काळात त्याच सर्जनने आधी ठरल्याप्रमाणे पोर्ट बसवला, तर कोडाला ५८ हा मॉडिफायर, म्हणजे कामाची परिस्थिती सांगणारा जोडअंक, लावावा लागतो. गुंतागुंतीमुळे पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले तर ७८. त्याच गुंतागुंतीवर खाटेशीच उपचार झाले, तर मेडिकेअर वेगळे पैसे देत नाही. मॉडिफायर लावायचा राहिला की क्लेम नाकारला जातो, मग पत्रव्यवहार सुरू होतो आणि आजारी माणसाच्या घरी न कळणारी कागदपत्रे येत राहतात.

नळी काढण्याचा कोड ४९४२२. तो त्वचेखालून बोगदा करून बसवलेल्या नळीलाच लागतो. तसा बोगदा नसलेली नळी ओढून काढली, तर ते काम त्या दिवसाच्या तपासणीतच मोजले जाते.